राखण

१२ ऑगस्ट

ही डायरी जनूला डोलवीच्या कंत्राटदारानं जानेवारीत दिली होती. तेव्हापासून ती मीटरच्या पेटीवर पडून होती. आज धूळ पुसताना जनू म्हणाला, "आये, तूच लिव त्यात. नायतरी पेपराच्या कडेला लिवत असतेसच." लिहिते. ओळी आखलेल्या आहेत, डोळ्यांना बरं पडतं.

मालूला पाचवा चालू आहे. मालू म्हणजे जनूची बायको, रोह्याकडची. दोन वर्षांपूर्वी तिचं चौथ्यातच गेलं होतं, म्हणून या खेपेला मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता पोटच सांगतं.

शेजारची कृष्णाबाई दह्याची वाटी घेऊन आली. सोमवारच्या कढीसाठी मीच मागितलं होतं. ओट्यावर बसून म्हणते कशी, "काय गो, तुझ्या घरात दही नाय लागत तर नाय लागत. जंतू बिचारे उंबऱ्यावरनंच परत जातात." दात नाहीत तिला, पण बोलणं चावरं.

हसावं तिनं. पुराच्या साली तिच्या घरातून कोणी गेलं नाही. जनूचे बाबा पायाला शिंपल्याची जखम घेऊन दोन दिवस पाण्यातून गुरं सोडवत फिरले. मग ताप, मग डोळे पिवळे. आठवड्यात संपलं. डॉक्टर म्हणाले लेप्टो, उंदराच्या मुतातले जंतू. एवढा उंच माणूस, उघाडीचं, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराचं, फळकूट एकट्यानं उचलायचा, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीनं नेला. तोवर मी साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, सहीपुरती. त्यानंतर जंतूंबद्दल जिथे जे छापून आलं ते अक्षर लावून लावून वाचलं. आता कुणाच्या मदतीशिवाय अख्खा पेपर वाचते. ती वाचायला शिकण्याची किंमत म्हणावी तर फार झाली.

१९ ऑगस्ट

मालूच्या अंगावरून पांढरं जातं. मागचं गेलं त्यानंतर पुरवणीत वाचलं होतं की आतल्या बाजूला जंतू वाढले तर गर्भ टिकत नाही, वेळेआधी पाणी जातं. कात्रण ठेवलं आहे. उपाय त्यात नव्हता, तो मी केला. पेणच्या मेडिकलमधून रबरी पिचकारी आणली. कोमट पाण्यात जंतुनाशकाचं अर्धं झाकण, पाणी दुधासारखं पांढरं होतं. रोज आंघोळीच्या वेळी आतून धुवायचं. दोन वर्षं चाललं आहे. एक दिवस चुकलेला नाही.

आज मालू मोरीच्या दारात घुटमळली. म्हणाली, "आये, वास येतो. मासळीसारखा."

श्रावण चालला आहे, घरात मासळी नाही. मी म्हटलं, उद्यापासून एक झाकण घाल.

"नर्सबाय म्हणते आतून पाणी नको मारूस. डॉक्टरला दाखव म्हणते."

"नर्सबाय कालची पोर. मी वाचलंय, छापलंय ते. गणपती होऊ देत, मग जाऊ पेणला."

"बरं," म्हणाली आणि कोनाड्यातली पिचकारी घेऊन आत गेली. या मुलीनं मला कधी नाही म्हटलेलं नाही. लग्नाच्या वर्षी एकदा तिला ताप आला होता, मी रात्रभर पाय चेपले, तेव्हापासून ती माझं ऐकते. तिच्या आईला ते आवडत नाही.

२९ ऑगस्ट

गणपती आले. जनू हमरापूरहून घेऊन आला, डोक्यावर पाट, वर छत्री. मालूनं मोदकाच्या कळ्या पाडल्या. माझ्या हाताला आता तेवढ्या पडत नाहीत. कृष्णाबाई म्हणाली, "कळ्या सुबक म्हणजे पोरगी हाय पोटात." मालू लाजली. पोरगी असली तर जनूच्या बाबांच्या आईचं नाव ठेवायचं असं तिनं आणि जनूनं ठरवलं आहे. मला आजच कळलं.

वास थांबलेला नाही. एका झाकणानं आग होते म्हणते. आग होते म्हणजे औषध लागतंय.

३१ ऑगस्ट

दुपारी मालू पाटावर बसून नारळ खवत होती. उठली तर पाट ओला. म्हणाली, "लघवी आवरली नाय, आये." पोट मूत्राशयावर दाबतं, होतं असं. मी साडी धुवायला घेतली. लघवीचा वास नव्हता. कसलाच नव्हता, पाण्याचा असतो तसा.

मी तिला पुन्हा आतून धुवायला लावलं. स्वच्छ असावं म्हणून.

संध्याकाळपर्यंत तीन कापडं भिजली. कृष्णाबाई आरतीला आली होती, तिनं मालूकडे बघितलं नि मला ओढून मागच्या दारी नेलं. या वेळी चेष्टा नव्हती. "पाणी चाललंय गो तिचं. आताच ने."

मालू म्हणते परवा गौरी यायच्या, मान माझा, घरात देव बसलाय, असं सोडून कसं जायचं. मी म्हटलं सकाळी जाऊ. जनूची रात्रपाळी आहे. सकाळी येताना रिक्षा घेऊनच येईल.

२ सप्टेंबर

पेणच्या दवाखान्यात आहोत, दुसरा दिवस. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या. सोनोग्राफीत पिशवीतलं पाणी थोडं उरलं आहे. बाळाचे ठोके चांगले आहेत. त्यांनी आत हात घालून तपासलं नाही. सिस्टर हातमोजे घालत होती तर तिलाही थांबवलं. म्हणाल्या, पिशवी फुटली की वाट उघडी होते, जितकं कमी शिवू तितकं बरं. कापसाच्या काडीवर थोडं घेऊन तपासायला पाठवलं.

मालूची आई हौसाबाई रोह्याहून पहिल्या एस.टी.नं आली. आल्या आल्या मला म्हणाली, "विहीणबाई, मागल्या खेपेला पण तुमच्याकडंच गेलं. आता काय खायला घातलंत?" आईचा जीव आहे.

मग डॉक्टरीणबाईंनी मालूला एकेक विचारलं. पांढरं जायचं का? वास होता का? कधीपासून? मालूनं सगळं खरं सांगितलं. मग विचारलं, "आतून काही धुतेस का? औषध, साबण, काही?"

मी सांगणारच होते. आमच्याकडे स्वच्छता किती आहे ते यांना कळायला हवं होतं. मालूनं चादरीखालून माझा हात पकडला आणि इतका दाबला की बांगडी रुतली.

"नाय," म्हणाली.

लाजली असेल. आई बाजूलाच उभी होती.

३ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी जनूला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. बाळ इतकं लहान आहे की आज जन्मलं तर कुठेच वाचणार नाही, मुंबईतसुद्धा नाही. महिनाअखेरपर्यंत आत राहिलं तर त्याला थोडी वाट आहे, तेव्हा त्या मुंबईला पाठवतील. तोवर झोपून राहायचं, जंतूंवरची औषधं घ्यायची, ताप बघत राहायचा. जनूनं विचारलं, "म्हंजे राहील ना?" त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा राहत नाही. पण काही वेळा राहतं."

जनू मालूला आत जाऊन फक्त शेवटचं वाक्य सांगून आला. मी ऐकलं. ठीक केलं त्यानं.

घरी गौरी बसल्या. कृष्णाबाईच्या सुनेनं पुजल्या.

५ सप्टेंबर

ताप नाही. पाणी थोडं थोडं जातंच आहे.

शेजारच्या खाटेवर वडखळची एक बाई आहे, चौथं बाळंतपण. ती मालूला म्हणते, "तुझं एक ठरत नाय, नि माझं थांबत नाय. अर्धं अर्धं करू या का गो?" मालू खूप दिवसांनी हसली आणि मग हसल्यानं पाणी गेलं म्हणून घाबरली. तेव्हापासून ती हसत नाही. खोकला आला तरी उशी तोंडावर धरते.

सिस्टर दिवसातून तीनदा यंत्र लावून ठोके ऐकवते. घोडा पळावा तसे. मालू सिस्टरला म्हणते, "थोडा वेळ ठेवा ना." सिस्टर ठेवते.

हौसाबाई आणि मी एकाच बाकावर आळीपाळीनं झोपतो. काल तिनं मला आपल्या डब्यातली भाकरी दिली. बोलली नाही, पण दिली.

मी इथे सगळं पुसून काढते, खाटेची कड, पाण्याचा तांब्या. मोरीत नेऊन धुवायला मालूला विचारलं तर ती म्हणाली, "आये, इथं नको. डॉक्टर नको म्हणाल्यात ना आत काय घालायला." मी पिचकारी घरून पिशवीत आणली होती. ती पिशवीतच राहिली.

७ सप्टेंबर

काडीवरच्या तपासणीचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी बसवून समजावलं. मी वाचणारी आहे हे त्यांना कळलं आहे, म्हणून माझ्याशी नीट बोलतात.

म्हणाल्या, "आजी, सगळे जंतू वाईट नसतात. बाईच्या त्या जागी चांगले जंतू वस्तीला असतात. दह्यात असतात त्यांच्याच जातीचे. ते तिथे आंबटपणा धरून ठेवतात, त्यामुळे दुसरे वाईट जंतू टिकत नाहीत. राखण करतात म्हणा. हिच्यात ते जवळजवळ उरलेच नाहीत. त्यांच्या जागी दुसरेच माजलेत. त्यांनी पिशवीचा पडदा पातळ केला असेल. नक्की सांगता येत नाही. पण आता वाट उघडी आहे आणि राखण नाही, ही काळजी."

मी विचारलं, ते चांगले जंतू कशानं मरतात?

त्या म्हणाल्या, "बऱ्याच कारणांनी. काही बायकांत मुळातच कमी असतात. कधी आजार, कधी औषधं. कधी उगाच आतून धुण्यानं."

दुपारच्या एस.टी.नं कपडे आणायला घरी आले. परवा जनूनं दूध विरजून ठेवलं होतं, वाटी झाकलेली होती. काढून बघितली. दूध फुटून पाणी वर आलेलं. ती वाटी मीच जंतुनाशकाच्या पाण्यानं धुऊन ठेवली होती.

आज एवढंच. पुढे लिहवत नाही.

१० सप्टेंबर

काल पुनव, उधाणाची भरती. पहाटे खाडीच्या बांधाला खांड पडली. आमच्या गावात हे नवीन नाही. बांध फुटला की फुटलेल्या जागेतून खारं पाणी भातात घुसतं आणि प्रत्येक भरतीला खांड रुंदावत जाते. अख्खं गाव टोपल्या, पेंढा, मातीची ढेकळं घेऊन धावलं. जनूही शिफ्ट सोडून गेला. फोन करून सांगितलं, "आये, मी इथं हाय. तू तिथं हायस ना?"

मी आहे म्हटलं.

असंच एकदा जनू लहान असताना झालं होतं. भात पोटरीला आलेलं. भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी अशी उघाडीची फळकुटं सांभाळायचं काम जनूच्या बाबांकडे होतं. पावसाचं गोडं पाणी भातात राहावं म्हणून त्या दिवसांत उघाडी बंदच ठेवतात. खांड पडल्यावर लोक म्हणाले, उघडू नकोस, गोडं पाणी जाईल, भात वाळेल. हे म्हणाले, खारं आत शिरलंय, कोंडून ठेवलं तर जमीनच जळेल. आणि ओहोटी लागल्यावर उघडली. त्या साली कुणाच्या घरी दाणा आला नाही. लोक यांच्याशी सणापर्यंत बोलले नाहीत. जमीन पुढच्या साली पिकली.

मालूला ठोके ऐकवले. चांगले आहेत.

११ सप्टेंबर

संध्याकाळी मालूला थंडी वाजली. अंग गरम नाही म्हणते. हात लावला तर गरम आहे. "तुमचा हातच गार हाय, आये." सिस्टरला सांगू नका म्हणते.

सांगितलं.

१२ सप्टेंबर

सगळं आज झालं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी ताप वाढला. पोटाला हात लावू देईना. जे पाणी जात होतं त्याला घाण वास. डॉक्टरीणबाई आल्या, बघितलं, आणि आमच्यासमोर मालूलाच म्हणाल्या, "पिशवीत जंतू शिरलेत. आता आतलं बाहेर काढायला हवं. थांबलो तर रक्तात पसरतील आणि तू जाशील."

"ठोके हायेत का?"

"आहेत."

"मग?"

"बाळ जगायच्या वयाचं नाही, मालू. आणि तूच नसलीस तर तेही नाही."

"महिनाअखेरपरत ठेवा. तुमीच म्हणाल्या होत्या."

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, कळा याव्यात म्हणून औषध द्यायचं, तासाभरात ठरवा, त्याहून वेळ माझ्याकडे नाही.

हौसाबाई, इतके दिवस मला बोलणारी, भिंतीला टेकून खाली बसली. जनूचा फोन लागत नव्हता, बांधावर होता. कृष्णाबाईच्या नातवानं कुणाला तरी पाठवून कळवलं तेव्हा तो आला, कमरेपर्यंत चिखल. सिस्टरनं दारात अडवलं. मीही म्हटलं, आत येऊ नको, अंगाला काय काय लागलं असेल. तो खिडकीतून मालूकडे बघत राहिला. गजांना चिखल लागला.

मालू त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळली. "आये, तुमी सांगा."

मला म्हणायचं होतं, मला विचारू नकोस. माझं ऐकू नकोस. ते म्हणता आलं नाही. वेळही नव्हता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि जे माहीत होतं ते सांगितलं. म्हटलं, खारं आत शिरलंय गो. बंद ठेवलं तर सगळंच जळेल. तुझ्या सासऱ्यानं काय केलं होतं ते तुला माहीत आहे. आता उघाडी उघडायला हवी.

"मी काय जमीन हाय व्हय, आये?"

ती खिडकीकडे वळली. मग डोळे मिटून म्हणाली, "आतापरत तुमी सांगितलं ते केलं. हे पण करते."

दुपारी औषध चालू केलं. अंधार पडायच्या आत झालं. मुलगी. माझ्या तळहाताहून थोडी मोठी. नखं होती. छाती हलत होती, थोडा वेळ. सिस्टरनं मऊ फडक्यात गुंडाळून मालूजवळ ठेवली. मालूनं एक बोट तिच्या हातात दिलं. मी बोलणार होते की हात धुतलेस का. आलं होतं ओठावर.

१३ सप्टेंबर

जनूनं तिला बांधाच्या आतल्या अंगाला, उंचावर, करंजाखाली ठेवलं. गावातले चारजण खांडीवरून टोपल्या ठेवून आले आणि परत खांडीवर गेले. नाव ठेवायचं ठरलं होतं ते कुणी उच्चारलं नाही.

मालूचा ताप उतरत नाही. दुसरं औषध चढवलं आहे.

१६ सप्टेंबर

उतरला.

१९ सप्टेंबर

घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर तरी थांबा. आतला ताप होऊन गेलाय, पुढे दिवस राहतील का ते आता सांगता येत नाही. राहिले तर पहिल्या महिन्यातच दाखवा. मग म्हणाल्या, "आणि आतून काही धुवायचं नाही. कधीच नाही." मला वाटलं माझ्याकडे बघून म्हणाल्या. जनूला विचारलं तर तो म्हणतो, फाइलीकडे बघत होत्या.

मालूला दूध आलं आहे. छातीला घट्ट कापड बांधलं. ती मोरीत जाऊन पिळते. नळ मोठा सोडते, म्हणजे आम्हाला ऐकू येऊ नये.

२३ सप्टेंबर

सर्वपित्री. जनूच्या बाबांचं पान वाढलं. कावळा लवकर आला, वड्यावर बसला नाही, भातावर बसला. मालूनं मला न विचारता बाजूला आणखी एक लहान पान मांडलं होतं. त्यावर चमचाभर दूधभात. एवढ्या लहानाचं पान वाढत नाहीत. मी ते तसंच राहू दिलं.

खांड बुजली. आमचं भात लाल पडलं आहे, वरचं चार गुंठे सोडून. जनू म्हणतो पुढलं सालही धरू नको. नागोठण्याला कंपनीत कायमचं काही बघतो म्हणतो. उघाडी उघडली होती का, मी विचारलं. म्हणाला, आता कोण बघतो उघाडीला, आये, फळकुटं कधीच कुजून गेलीत.

२६ सप्टेंबर

मालू रोह्याला जाते. हौसाबाई न्यायला आली आहे. दिवाळीपर्यंत म्हणतात, पण ट्रंकेतलं सगळंच घेतलं आहे, लग्नातला शालूसुद्धा. मी घड्या घालून दिल्या.

हौसाबाई चहा पिताना म्हणाली, "विहीणबाई, डॉक्टर म्हणतात कारण सापडत नाय. दोन-दोनदा होतं नि कारण सापडत नाय, असं कसं वो?" मला वाटलं आता सांगावं. तोंड उघडलं.

मालू आतून म्हणाली, "आई, माझ्यातच काय तरी असंल. नको उगाच." आणि लगेच, "आये, माझी कंगवी कुठाय?"

कंगवी तिच्या हातात होती.

कृष्णाबाई निरोपाला विरजणाची वाटी घेऊन आली. मालूला म्हणाली, "आईकडं जाऊन दही खा गो, सासूच्या घरात ते जन्मात लागायचं नाय." नेहमीसारखं कुणी हसलं नाही. तिला बोलून वाईट वाटलं, वाटी तशीच ठेवून गेली. मालू पाया पडली. मी पाठीवरून हात फिरवला, पाठीची हाडं लागली.

जनू पोचवायला गेला.

आंघोळीला गेले तर मोरीतला कोनाडा रिकामा. बाटली नाही, पिचकारी नाही. दवाखान्यातून आणून मीच पुन्हा तिथे ठेवली होती. का ठेवली, माहीत नाही.

२७ सप्टेंबर

काल कृष्णाबाईचं विरजण लावलं. वाटी नुसती पाण्यानं धुतली. रात्री दोनदा उठून हात गेला बाटलीच्या जागी, बाटली नव्हती. सकाळी बघितलं. लागलं आहे. घट्ट, वर सायीची घडी. ते कुणाला वाढू?

जनू दुपारी परत आला. जेवता जेवता सांगत होता, "मालूनं एक गंमत केली. एस.टी. नागोठण्याच्या पुलावर आली नि खिडकीतनं एक पुडकं नदीत टाकलं. तिची आई डुलकी घेत होती. मी म्हटलं काय गो ते, तर म्हणते, आयेंना विचारू नका."

मी ताटात दही वाढलं. त्यानं बघितलंही नाही काय वाढलं ते, कालवून खाल्लं.

"काय होतं त्यात, आये?"

"माझंच होतं."

"मग टाकायच्या आधी तुला विचारायचं तरी."

मी म्हटलं, राहू दे. भात घे अजून.